सेनापतींचा टकला डोंगर

त्यांचा धंदा केस कापायचा, पण सगळी गल्ली त्यांना सेनापती म्हणायची. त्यात कौतुक कमी आणि चेष्टा जास्त, कारण दुकानाच्या मागच्या खोलीत टेबलावर मांडलेल्या लढाईत हा सेनापती आजवर एकदाही जिंकला नव्हता. जिंकण्यात त्यांना रसच नव्हता म्हणा. त्यांचा जीव रणांगणात. बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक ज्या डोंगरावर चढणार, ज्या पुलावरून जाणार, ते सगळं सेनापती स्वतःच्या हातानं बनवायचे. समोरचा फासे टाकून यांची अख्खी फौज आडवी करत असायचा आणि हे ओरडत असायचे, "अरे, हात जपून! झाड मोडेल माझं!"

विकतचं काही चालायचं नाही हां. टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल, भांडी घासायचा स्पंज, वाळवलेली चहाची पूड, टूथपेस्टची टोपणं, सगळं मागच्या खोलीत गडप. टोपणांची पिंपं व्हायची, स्पंजची झुडपं. "मी जरा निवांत बसले ना, तर माझ्यावरसुद्धा गवत लावतील हे," असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

आणि गवत कुठलं, तर गिऱ्हाइकांच्या डोक्यावरचं! खाली पडलेले केस धुऊन, वाळवून, बारीक कातरून सेनापती गोंदावर भुरभुरायचे. कोपऱ्यावरच्या पोस्टमनचं रंगवलेलं काळंभोर डोकं म्हणजे वणवा लागून गेलेलं रान. शिंप्याचे तांबूस केस म्हणजे उन्हाळ्यातलं कुरण. प्रत्येकाची डबी वेगळी. पण सगळ्यांत जपून ठेवलेली डबी घड्याळजींची. दाट, करडे, मधूनच पांढरे केस. लावले की दव पडल्यासारखं दिसायचं. त्यातली चिमूट काढतानाही सेनापतींचा हात आखडायचा.

घड्याळजी म्हणजे समोरच्या फुटपाथवर घड्याळं दुरुस्त करणारे. शाळेपासूनचे दोस्त, आणि दर रविवारी सेनापतींना न चुकता हरवणारे तेच. जिंकले की केसांतून ऐटीत हात फिरवायचे. ती ऐट बघून सेनापतींच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मग घड्याळजी आजारी पडले. आजार हटला, डॉक्टरांनी तसं सांगितलंही, पण औषधांनी डोक्यावरचा एकेक केस नेला. भुवयासुद्धा. तेव्हापासून फुटपाथवरचं दुकान बंद आणि माणूस त्याच्याच वरच्या माडीवर, घरात. सेनापती बोलवायला गेले, तर घड्याळजी दार अर्धंच उघडून म्हणाले, "न्हाव्याच्या दुकानात टकल्याचं काय काम? लोक आरशातून बघत बसतात रे."

"बघू देत की! मी बघतो त्यांच्याकडे, कात्री आहे माझ्या हातात."

"नको. तू दुसरा गडी शोध."

सेनापती परत आले ते तोंड पाडूनच. आजारानं सोडलेला दोस्त असा जिवंतपणी आपल्या हातचा जाणार, या विचारानं ते ताटावरून तसेच उठले. शेवटी त्यांनी ठरवलं, तो येत नाही ना, मग रणांगणच त्याच्या घरी न्यायचं. घड्याळजी कधीपासून एका उंच डोंगरासाठी मागे लागले होते, माथ्यावर बुरूज असलेल्या. तो बनवायचा.

थर्माकोल कापून, घासून डोंगर झाला झकास. राहिला रंग. आता, थर्माकोलवर आधी गोंदाचा जाड थर द्यायचा, तो पुरता वाळू द्यायचा आणि मगच स्प्रेचा रंग मारायचा, हे या नादातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सेनापतींनीच कितीजणांना यावरून झापलं होतं. पण घाई! गोंद वाळेपर्यंत कोण थांबतो, म्हणून उचलला डबा आणि मारला फवारा.

डोंगर फसफसला. बघता बघता रंगानं थर्माकोल खाल्लं आणि सगळीकडे खड्डेच खड्डे पडले.

"अगं बाई!" बायको दारातून म्हणाली. "या डोंगराला देवी आल्या की काय!"

सेनापती डोकं धरून बसले. बायकोला आधी हसू आलं, मग त्यांचा चेहरा बघून दया आली. दोघांनी मिळून खड्ड्यांत चहाची पूड भरली, स्पंज चिकटवला, तरी डोंगर आपला खरूज झाल्यासारखाच दिसे. तो झाकायला दाट गवत हवं होतं, आणि तेवढं दाट गवत एकाच डबीत होतं.

"सगळेच लावणार?" बायकोनं हळूच विचारलं. "त्यांना पुन्हा आलेच नाहीत तर? एवढीच तर आठवण."

"आठवण कसली? येतील की," सेनापती म्हणाले. पण डबी उपडी केल्यावर तळाशी चिकटलेला एकेक केसही त्यांनी बोटानं टिपून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं नवरा-बायको तो डोंगर उचलून रस्ता ओलांडून गेले. जिन्यात तो अडकला. "तिरका करा! अहो, तुमच्या बाजूनं!" या आरडाओरड्यानं घड्याळजी टोपी घालून बाहेर आले आणि निमूट वरचं टोक धरलं. अंगातली सवय ती, जाते कुठे!

डोंगर टेबलावर बसला. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं. बुरूज पाहिला, पिंपं पाहिली. मग गवतावर येऊन भिंग थांबलं.

"हे कुणाचं रे?"

सेनापती पुटपुटले, "तुझंच. डबीत होतं. रागावलास?"

घड्याळजींनी भिंग काढून खाली ठेवलं. सेनापतींची बायको बिचारी पदराला हात पुसत उभी. मग ते खुदकन हसले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. "लेका, डोंगराला जावळ आणि मला टक्कल! काढ फासे. हा डोंगर माझा. एकालाही वर चढू देणार नाही."

आणि नाहीच चढू दिलं. संध्याकाळ व्हायच्या आत सेनापतींची फौज पायथ्याशी झोपली. जिंकल्यावर घड्याळजींचा हात सवयीनं डोक्याकडे गेला, टोपी सरकली, आणि हात तिथेच राहिला. मग त्यांनी तो हात खाली आणला आणि डोंगराच्या गवतावरून, अगदी त्याच ऐटीत, सावकाश फिरवला. बुरूज हलला. दोन झाडं मोडून पडली.

सेनापतींनी हूं की चूं केलं नाही.

"जरा वाढलंय रे हे," घड्याळजी म्हणाले. "कापायला हवं."

"मग रविवारी ये दुकानात."

"येतो," घड्याळजी म्हणाले, आणि टोपी काढून टेबलावर ठेवली.