गुरुजींच्या घरी कोण कोण?

कप खाली ठेवा आधी, ठसका लागंल! आपल्याच हातानं आपलं लग्न मोडलेला माणूस बघितलाय कधी? मग बघून घ्या. हा काय, तुमच्या समोर बसलाय.

मानवतजवळच्या एका खेड्यात मी नवा मास्तर. वर्गाच्या भिंतीवर तेव्हा सगळीकडं असायचं तेच चित्र: आई, बाप, दोन पोरं, चौघंही हसायलेत. एकदा तिसरीच्या वर्गाला मी विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण?" कमल म्हणली, "आजी अन् आत्या." झालं! पोरं खिदळली. "गुर्जी, हिचं घर चित्रात बसत न्हाई!"

कमलचे डोळे भरले अन् माझं डोकं फिरलं. तावातावानं ते चित्रच उतरवलं. "एका चुलीवर जेवतात ते कुटुंब! आजी-नातीचं असो, नाहीतर एकट्या माणसाचं असो. कुणाच्याच घराला हसायचं नाही!" पाढ्यासारखं घोकून घेतलं. शाळा नुसती दणाणली. मला वाटलं, वा रे मास्तर!

इकडं माझ्या आईनं पूर्णेचं स्थळ काढलं. मुलीचे वडील रेल्वेत. मुलगी मी बघून आलो होतो अन् तिथंच पाघळलो होतो. आईनं बजावलं, "हे गेलं तर तुझं तू बघ बाबा." आता फक्त मुलीच्या वडलांनी येऊन माझं घरदार बघायचं, की सुपारी फोडायची.

माझं घरदार म्हणजे काय? शेवंताबाईंच्या ओसरीवरची खोली. मला भाकरी थापता येत नव्हती, म्हणून जेवण त्यांच्याच चुलीवर, त्यांच्या दोन नातवांसोबत. शेवंताबाई माझ्या आईपेक्षा मोठ्या, हे ध्यानात ठेवा. पोरांनी नेमकं तेवढंच सांगितलं नाही!

मुलीचे वडील यायचे त्या दिवशी मी पेढे आणायला मानवतला गेलेलो. पाहुणे माझ्या आधीच गावात पोचले अन् पारावर खेळणाऱ्या पोरांना विचारलं, "गुर्जीच्या घरी कोण कोण हाय रे?"

साहेब तपासणीला आले की ह्या पोरांच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही! पण त्या दिवशी? एका सुरात: "गुर्जी, शेवंताबाई अन् दोन पोरं!"

पाहुणे चपापले. "दोन पोरं? अन् ही शेवंताबाई कोण?"

"समदे एका चुलीवर जेवतेत! एकच कुटुंब हाय! अन् हसायचं न्हाई!"

मी एसटीतून उतरतोय, तर पाहुणे त्याच गाडीत चढायलेत. मागं सगळा वर्ग, निरोप द्यायला!

"अहो पाहुणे, थांबा! शेवंताबाई माझ्या आईहून मोठ्या हायत!"

"वयाचं आमी काही म्हणलो का?" पायरीवरूनच ते म्हणले. "तुमचं घर तुमाला लखलाभ. आमी हसलो का? न्हाई हसलो. आमी चाललो!"

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी फुफाटा उडवत गेली. हातात पेढ्याचा पुडा घेऊन मी पारावर मटकन बसलो. खरं सांगू? रडूच आलं हो. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

तशी कमल कमरेवर हात ठेवून गरजली, "ए! हसायचं न्हाई!"

मग माझ्याजवळ आली, लय मायेनं म्हणली, "रडू नका गुर्जी. एकट्या माणसाचं बी कुटुंबच असतंय."