बांधावर न वाकणारा मुकादम

अन्याय झाला तो आमच्या ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरातल्या मुकादमावर. शिमग्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी, ओहोटी लागता लागता. वेळ नेमकी सांगतो, कारण मी, मिठाच्या चौकीतला कारकून, तिथेच होतो. हात जोडून उभा.

मुकादम उंच नव्हता. आवाज तर कोंबडीएवढा. पण खाडीच्या वाऱ्यात हाक पोचतेच कुठे? म्हणून वाफ्यांतली माणसे त्याच्या अंगावर नजर ठेवून असत. कमरेवर हात, म्हणजे मीठ ओढा. हात वर, म्हणजे पाण्याचे दार लावा. आणि तो कमरेत वाकला, की फावडी टाकून बांधावर पळा, जीव वाचवा.

"तोंड कशाला वाजवाचा? आंगानी सांगाचा," असे तो म्हणे.

चौकीचा हवालदार मात्र ओरडून ओरडून लाल होई. एकदा एक म्हातारी वाफ्यातूनच म्हणाली, "दादा, घसा राखून ठेवा. शिमग्याला लागंल."

एका उधाणात बांध फुटला. मुकादम वाकला. पाणी पोचायच्या आत सगळी माणसे बांधावर आली, सगळ्यांत शेवटी हीच म्हातारी. तेव्हापासून बांधावर तो पायातला काटा काढायलाही वाकत नसे. पाय गुडघ्यावर घेऊन बगळ्यासारखा उभा राही. बाया हसत, तोही हसे. साहेबांना मुजरा करायचा तो चौकीत येऊन. तिथे अगदी जमिनीपर्यंत.

त्या सोमवारी नवा अंमलदार थेट बांधावर आला.

"मुजरा कर. मान मोडली आहे काय तुझी?"

"चौकीत करतो, सायेब. बांधावर वाकलो त सगली मानसा काम टाकतीन."

"मला धमकी देतोस?"

दोन शिपायांनी त्याची मान धरून दाबली. मुकादम वाकला.

फावडी पडली. सगळ्या वाफ्यांतून माणसे धावत सुटली, बाया पोरे काखेला मारून. "काय झाला, मुकादम? पानी कुठं फुटला?" अंमलदार चार पावले मागे सरला, धोतरात पाय अडकून पडता पडता वाचला आणि किंचाळला, "बंड!"

'मुकादमाने इशारा करून बंड करविले.' हे वाक्य अंमलदाराने सांगितले आणि मी, खरे ठाऊक असून, उतरवले. मुकादमाची नोकरी गेली. बांधावर पाऊल टाकायची बंदी झाली.

तो शहाडला लेकीकडे गेला. मी भेटायला गेलो तेव्हा नदीकाठी उभा होता, पाठ ताठ. वारा फिरला तसा त्याचा हात आपोआप वर गेला. समोर बघायला कोणी नव्हते. त्याने हाताकडे पाहिले आणि तो काखेत लपवला. त्याच पावसाळ्यात तो गेला.

अंमलदाराला बढती मिळाली आहे. येत्या रविवारी ठाण्यात त्याला मानपत्र देणार आहेत, आणि वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांना आमंत्रण आहे. त्याची सवय मला ठाऊक आहे. तो दारात थांबतो, छाती पुढे काढतो, आणि शेवटचा माणूस उठेपर्यंत आत पाऊल टाकत नाही.

मला सूड हवा आहे, आणि तो तुमच्या हाती आहे. जा. पुढच्या रांगेत बसा. तो दारात उभा राहील तेव्हा त्याच्याकडे बघा, आणि उठू नका.