मामांचा गुडघा

पागेत घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला सगळे मामा म्हणत. मॅनेजर म्हणे, मॅनेजरची म्हातारी आईही म्हणे. मामांच्या हाताखाली बारा वर्षं एकच घोडी होती, संकराची. आई बग्गीची, गुडघे छातीपर्यंत उचलणारी. बाप वाळवंटातला, हलक्या हाडाचा, नाजूक कातडीचा. देवाने दोन घोड्या घडवायला घ्याव्यात आणि वेळ कमी पडला म्हणून एकीतच उरकाव्यात, असं तिचं रूप. मान ताठ, शेपूट झेंड्यासारखी वर, आणि अंगावर माशी बसली तरी नखशिखांत शहारा. लोखंडी खरारा तिला सोसत नसे; मामा मऊ ब्रशने केसांच्या कलाने हात फिरवत. ओट जास्त झाले की डोकं फिरे, म्हणून त्यात निम्मा कोंडा. खुरांना तेल दिवसाआड, शेपटीची वेणी मात्र रोज.

"माझ्या केसांना कधी बोट लावलंत का हो?" मामी विचारत.

"तू शेपूट वर धरून चालतेस का?" मामा म्हणत.

गुडघे उचलण्याचा आईचा गुण घोडीत होता, पण झोपलेला. तो जागा व्हावा म्हणून ती शिंगरू असताना मामा स्वतः तिच्या शेजारी गुडघे उचलून धावले. ती शिकली. गोची एवढीच झाली की मामांनी उचलले तरच ती उचलायची. बारा वर्षांत मामांना दुसरी चालच उरली नाही. दुकानात, जिन्यावर, एकदा तर मयतीलाही ते तसेच गेले.

यंदा मॅनेजरने बजावलं, "घोड्यांच्या प्रदर्शनात पहिल्या तिघांत आली नाही, तर घोडी विकायची. ओढेल कुठेतरी माल." मामांनी त्या दिवसापासून तालीम दुप्पट केली. आणि नेमका प्रदर्शनाच्या सकाळी त्यांचा डावा गुडघा टम्म सुजला.

रिंगणात मामा डाव्या पायाने लंगडत निघाले. घोडीही डाव्या पायाने लंगडत निघाली.

"घोडी लंगडी आहे, बाहेर काढा!" परीक्षक ओरडले.

"घोडी नाही साहेब, लंगडा मी आहे. ती आपली माझं बघून करते."

परीक्षकांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी घोडीचे चारही खूर ठोकले, सांधे वाकवून पाहिले. "ठणठणीत आहे," ते म्हणाले, आणि मामांची विजार वर करून गुडघा दाबला. मामा कळवळले. खिंकाळली घोडी.

"दुसऱ्या कुणाच्या हाती दोरी द्या. एकच फेरी मिळेल," परीक्षकांनी घड्याळ बघितलं.

कठड्यापलीकडून मामी आत आल्या. "आणा इकडे."

"अगं, तुला कुठे येतं?"

"शेजारणींना तुमची नक्कल करून दाखवण्यातच माझी हयात गेली."

मामींनी देवाचं नाव घेतलं, हनुवटी वर केली आणि गुडघे असे काही उचलले की कठड्याभोवतीचे लोक टाचा उंचावून बघू लागले. घोडीने क्षणभर मामींकडे बघितलं, मग मामांकडे, आणि छातीला गुडघे लावत दुडकी चाल धरली. कठड्याला धरून मामा एका पायावर उभे होते. डोळे मिटलेले, हात जोडलेले.

तिसरा नंबर आला. परीक्षकांनी फीत हातात घेऊन थोडा वेळ विचार केला, मामींकडे बघितलं, आणि अखेर ती घोडीलाच बांधली.

घोडी विकली गेली नाही. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने तिच्या दारावर नवा कागद चिकटवला: कोंडा सकाळी, खुरांना तेल दिवसाआड, मामांचा गुडघा दोन्ही वेळा शेकणे, आणि मामांना जिना चढायला सक्त मनाई.