लिफ्टमध्ये बसलेल्या ताई

“सध्या डोक्यात काय चाललंय?”

ताईंच्या टेबलाशी गेलं की आधी हा प्रश्न यायचा. पुस्तकावर तळहात सपाट ठेवलेला. तुम्ही काहीतरी खरं उत्तर दिल्याशिवाय तो हात उचलला जायचा नाही. “असंच, बघायला आलो,” म्हणणाऱ्याला त्या म्हणत, “मग बघा. बघायला मनाई नाही.” आणि चष्मा पुसत बसत.

कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी तळमजल्यावर, पार्किंगच्या एका कडेला, त्या घडीचं टेबल मांडत. त्यावर नुकतीच प्रसिद्ध झालेली पुस्तकं. कथा-कादंबऱ्या नाहीत, माणसं, प्राणी, शहरं, आजार, समुद्र, असं खरं काही सांगणारी. विकायला नव्हती. न्यायची, वाचायची, आणून द्यायची.

“जुनी का नाही ठेवत?” मी एकदा विचारलं.

“जुन्यांना ओळख आहे गं. नवं पुस्तक म्हणजे नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलेलं माणूस. पाणी किती वाजता येतं, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं ना?”

ताई मूळच्या उरणजवळच्या जासईच्या. कंटेनर यार्डच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेल्या. यार्ड ज्या जमिनीवर उभं होतं तिच्यात त्यांच्या वडिलांचं भातशेत होतं, हे त्या अगदी सहज सांगत आणि लगेच विषय बदलत. एरवी आपल्यासारखंच बोलायच्या. राग आला की मात्र जासईची बोली तोंडी यायची.

शिफारस करण्याची त्यांची तऱ्हा न्यारी होती. चौथ्या मजल्यावरचे रिटायर्ड इंजिनिअर काका शेअर बाजारावरचं पुस्तक मागायला आले. ताईंनी त्यांना मुंग्यांवरचं दिलं. काका इतके दुखावले, की पुस्तक काखेत मारून तडक वर निघून गेले. पुढच्या रविवारी ते टेबल मांडायच्या आधीच खाली हजर. “ताई, मुंग्यांवर अजून काही आलंय का?” त्यानंतर काकूंना घरात साखर सांडलेली पुसायची परवानगी नव्हती.

मला झोप येत नसे, तेव्हा त्यांनी झोपेवरचं पुस्तक दिलं. मी तिसऱ्या पानावर झोपले. रोज तिसऱ्या पानावर. शरमेनं परत करायला गेले तर म्हणाल्या, “अगं, याच्याइतकं यशस्वी पुस्तक मी अजून पाहिलेलं नाही.”

मग लिफ्टच्या दारावर तो कागद लागला. घरकामाला येणाऱ्या बायकांनी आणि डिलिव्हरीवाल्यांनी मागची लिफ्ट वापरावी. मागची लिफ्ट बहुतेक वेळा बंदच. म्हणजे जिना.

त्याच सुमारास एक नवं पुस्तक आलं होतं. लिहिणारी बाई स्वतः अनेक वर्षं लोकांच्या घरी धुणीभांडी केलेली. ताईंनी ते टेबलाच्या मधोमध ठेवलं. त्या रविवारी कोणाच्याही डोक्यात काहीही चाललेलं असो, मुंग्या, मधुमेह, मुलाची ॲडमिशन, हातात तेच पुस्तक पडत होतं.

चेअरमन खाली आले. वाईट माणूस नव्हे. पण सोसायटी म्हणजे आपली बैठकीची खोली आणि सगळे रहिवासी आपले पाहुणे, असा त्यांचा समज.

“ताई, हे पुस्तक टेबलवर नको. वातावरण खराब होतंय.”

“वातावरण लिफ्टच्या दारावर चिकटवलंय. तिथून काढा.”

“मग टेबलच नको. कॉमन एरिया आहे. कमिटीची परवानगी घेतली होती का?”

पुढच्या रविवारी टेबल मीटररूममध्ये कुलपात होतं. ताईंनी वॉचमनशी वाद घातला नाही. घरून प्लास्टिकचं स्टूल आणलं, पुस्तकांची पिशवी मांडीवर घेतली आणि पुढच्या लिफ्टमध्ये जाऊन बसल्या. त्या रविवारपासून रोज लिफ्ट वर जायची, खाली यायची, ताई आतच. जो आत येईल त्याला त्या पुस्तकातला एक उतारा मोठ्याने वाचून दाखवायच्या. भाजीची पिशवी घेऊन उभा असलेला माणूस जाणार कुठे? कोणी मोबाईलमध्ये तोंड खुपसलं. काहीजण मजला आला तरी उतरले नाहीत. उतारा संपायचा होता.

“ताई, टेन्शन कशाला वाढवता? उठा बघू,” सेक्रेटरी म्हणाले.

“मी नाय उटनार. तुमाला काय करायचा हाय तं करा.”

जासई ऐकल्यावर सेक्रेटरी निघून गेले. चेअरमन तर त्या दिवसापासून जिन्यानेच जाऊ लागले. सातवा मजला आणि अधू गुडघा. प्रत्येक मजल्यावर त्यांचा थांबून सोडलेला श्वास आम्हाला घरात ऐकू यायचा.

आता मंगलबद्दल सांगायला हवं. ती आमच्याकडे आणि ताईंकडे कामाला होती. मराठवाड्यातून आलेली, चपळ, कमी बोलणारी. एका सकाळी ती पायऱ्यांकडे वळली होती, तर ताईंनी लिफ्टमधून हाक मारली. “मंगल, आत ये. बटण तू दाब.” मंगल क्षणभर अडखळली. मग आत गेली आणि तिने बटण दाबलं. मी तिथेच उभी होते. मला फार भारी वाटलं.

दुसऱ्या दिवशी गेटवर मंगलचा आत यायचा पास अडवला. कमिटीने ताईंना हात लावला नाही. त्यांना मंगल सोपी वाटली.

ताई तशाच खाली आल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. गेटबाहेर मंगल डबा धरून उभी होती. ताईंनी स्टूल गेटबाहेर ठेवलं आणि बसल्या. “हिला आत सोडत नाही तोवर मीही आत येणार नाही.” वॉचमनने त्यांच्यासमोर हात जोडले.

“मंगल,” ताई हळू आवाजात म्हणाल्या, “हट्ट माझा होता. भोगायला तू लागलीस. चुकले मी.”

मंगल म्हणाली, “बटन मी दाबलं ना? मग? माझ्या बोटानं दाबलं.”

तिने डबा स्टुलाशेजारी खाली ठेवला. मग म्हणाली, “ताई, एक इचारू? ते पुस्तक तुमी सगळ्यांना वाचून दावलं. मला कधी इचारलंच न्हाई.”

ताईंनी पिशवीत हात घातला. “चुकलंच. हे घे. तुझंच आहे हे.”

“ते नगं. धुनीभांडी मला म्हायती हाय. मी शाळा शिकलेली हाय, मला वाचाया येतंय.” तिने वर बोट दाखवलं. नव्या विमानतळावरून उठलेलं विमान आमच्या बिल्डिंगवरून चाललं होतं. “हे एवढं जड इमान वर कसं ऱ्हातंय, त्याचं पुस्तक हाय का?”

तुम्ही तिथे असायला हवं होतं. जगाला पुस्तकं सुचवणाऱ्या ताईंनी पुढे केलेलं पुस्तक पिशवीत परत ठेवलं. मग इतक्या मोठ्याने हसल्या, की रिक्षास्टँडवरची माणसं वळली. “आहे! नसेल तर शोधते!”

दुपारपर्यंत गेटबाहेर सात-आठ खुर्च्या आल्या. पहिली इंजिनिअर काकांची. मी ऑफिसला दांडी मारली. कामाच्या बाकीच्या बायकाही मंगलशेजारीच थांबल्या होत्या; घराघरात ओट्यावर भांडी तशीच पडली होती आणि जो तो ‘कमिटीने असं कसं केलं’ म्हणत होता. तत्त्वासाठी किती आणि भांड्यांसाठी किती, ते ज्याचं त्याला ठाऊक.

शेवटी चेअरमन बाहेर आले. “त्या पुस्तकात नेमकं काय आहे, की तुम्ही सगळे असे पेटलात? वाचलंय तरी का कोणी?”

“मी वाचलंय,” मागून आवाज आला. त्यांच्याच मिसेस होत्या.

“तू? कधी?”

“तुम्ही जिन्याने चढत होतात तेव्हा.”

मंगलचा पास संध्याकाळी चालू झाला. लिफ्टवरचा कागद कोणी काढला हे कळलं नाही; चिकटपट्टीचे चार डाग अजून आहेत. कमिटीने ना माफी मागितली ना टेबलाला परवानगी दिली. ताईंनी नवं टेबल आणलं आणि रविवारी परवानगीशिवाय मांडलं. मंगलने विमानाचं पुस्तक वाचून परत केलं तेव्हा ताईंनी विचारलं, “कसं होतं?” ती म्हणाली, “चित्रं कमी हायत. पंखाचं समजलं. बाकीचं लिहिनाऱ्याला बी समजलं नसंल.” ताईंनी ते मत प्रत्येकाला सांगितलं.

त्यानंतर वर्षभराने ताई आजारी पडल्या. पोटातलं दुखणं, उशिरा कळलेलं. पनवेलच्या हॉस्पिटलमध्ये मी भेटायला गेले, तेव्हा त्या नर्सला किडनीवरच्या एका नव्या पुस्तकाबद्दल सांगत होत्या आणि नर्स सलाईन लावायचं सोडून ऐकत होती.

नर्स गेल्यावर मला म्हणाल्या, “एक पुस्तक मागवून ठेव. खाडीबद्दलचं आहे, उरणच्या बाजूचं. दिवाळीनंतर येतंय.”

डॉक्टरांनी आम्हाला दसऱ्याचीही खात्री दिली नव्हती. ताईंनाही ते माहीत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, “ताई, दिवाळीनंतर?”

त्यांनी डोळे वटारले. “मी नसेन म्हणून पुस्तक यायचं थांबनार हाय काय?”

मी त्यांच्यासमोरच मोबाईल काढून पुस्तक मागवलं. ऑर्डर झाल्याचं त्यांनी चष्मा लावून तपासलं.

ताई नवरात्रात गेल्या. पुस्तक दिवाळीनंतर, ठरल्याप्रमाणे आलं. त्या रविवारी मी आणि मंगलने टेबल मांडलं आणि ते मधोमध ठेवलं. इंजिनिअर काका आले, पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं.

“कसं आहे?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. “ताईंनी वाचलेलं नाही.”

काका बराच वेळ ते हातात धरून उभे राहिले. आजवर या टेबलावर असं पुस्तक कधी आलं नव्हतं. मग मंगलने हात पदराला पुसले आणि त्यांच्या हातातून ते काढून घेतलं.

“आना हिकडं,” ती म्हणाली. “म्होरल्या आयतवारी सांगते.”