दाऊदभाईंचा सिंह

दाऊदभाई गेले, असा त्यांच्या अब्बासियातल्या खोलीवरून फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होतो. सकाळी उठलेच नाहीत, म्हणाले. मी मुळात काळजीखोर माणूस. रडू यायच्या आधी डोळ्यांपुढे आली ती त्यांच्या चौकटीवर ताणलेली, जरीने अर्धी भरलेली मखमल. आता ती कोण पुरी करणार...

इथे कुवेतच्या मिरकाब भागात बिश्त, म्हणजे अरबांचे जरीकाठी अंगरखे शिवणाऱ्या दुकानात ते जरी भरायचे. माझं ऑफिस वरच्या मजल्यावर. दोघंही दाभोळ खाडीच्या काठचे, त्यामुळे चहा बरोबरच. इंग्रजी गिऱ्हाईक आलं की मला खाली हाक. असाच एकदा फिंतासला राहणारा एक म्हातारा युरोपियन इंजिनियर आला. त्याला आपल्या घराण्याची ढाल जरीत भरून हवी होती. निळ्या लाटांत उभा सोनेरी सिंह आणि त्याच्या पंजात वल्हं. मूळ पुरुषाने म्हणे पुरात अडकलेल्या राजाला होडीतून पार नेलं, म्हणून जहागीर मिळाली आणि ही ढाल. हे मी सांगितल्यावर दाऊदभाई खूश! त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या खाडीवरची तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी. "म्हंजे तरवालाच की! आमच्या आज्याला कोनी राजा गावला नाय भाऊ, नायतर आज मी पन उमराव असतो."

म्हाताऱ्याने एकच गोष्ट बजावली होती. सिंहाने ढाल धरणाऱ्याच्या उजवीकडेच बघायचं. उलटा वळला तर तो रणातून पळालेला दिसतो. आणि नेमकं तेच झालं. बिश्तचे दोन काठ समोरासमोर येतात, म्हणून डाव्या काठाचाच नक्षीचा कागद उजव्यासाठी उलटा टाकतात. दाऊदभाईंकडे वर्षानुवर्षं उजवा काठ. छापाचा कागद हातात आला की आधी उलटा टाकायचा, ही हाताची सवय. सिंह पुरा झाला, मी मोबाइलवरच्या फोटोशी ताडून पाहिला, तर तोंड उलट्या बाजूला. उसवावं तर मखमलीला भोकं पडणार. पुढचे दिवस दाऊदभाईंचं एकच पालुपद. "घरान्याची इज्जत हाय ती, भाऊ... आनि मी तिला पळपुटी करून ठेवली."

म्हातारा आला. बराच वेळ बघत राहिला. दाऊदभाईंनी माझा हात घट्ट धरला होता. मग तो हळूच म्हणाला, "आमच्यात सिंह असा एकाच प्रसंगी वळवतात. शेजारी बायकोची ढाल असली की. तिच्याकडे पाठ करणं असभ्यपणा." बायको त्याची इथेच, कुवेतमध्ये वारली होती. बेकरीवाल्याची मुलगी, म्हणून घराण्याने तिला कधी आपली मानलं नाही, मग ढाल कुठली? "तिची एक करून द्याल?" त्याने विचारलं.

दाऊदभाईंनी लगेच गावी फोन लावला, बायकोला, जुबेदाभाभींना. काय काढू तिच्या ढालीवर? "बाप पाववाला ना? मग पावच काडा. त्यात लाजायचं काय?" भाभींचा आवाज मलाही ऐकू आला. दुसऱ्या मखमलीवर गोल पाव खडूने आखला, अर्धा जरीने भरला... आणि तिथेच राहिला.

मैयत गावी गेली. म्हाताऱ्याचे दोन-तीनदा फोन आले. तो कुवेत कायमचं सोडून चालला होता आणि बायकोला सोडून सिंह एकटा न्यायला मन घेत नव्हतं. दुकानातले कारागीर मखमलीला हात लावेनात. गेलेल्या माणसाच्या टाक्याला आपला टाका कसा जोडायचा, म्हणायचे. मला तर दुकानापुढून जाववेना.

परवा भाभींना फोन केला. सांत्वनाचे शब्द जुळवत होतो, तर त्यांनीच विचारलं, "त्या बाईचा पाव झाला?"

"अर्धा राहिलाय, भाभी."



"कोनी येनारं असंल तर माज्याकडं धाडून द्या. मी पुरा करतंय."

"पण भाभी, ते जरीचं काम... टाक्याला टाका जुळायला हवा."

"जुळंल. लग्नाच्या वक्ताला होडी वल्हवीत होते ते. त्यांना सुई धरायला कोनी शिकवलान?"