नानीबाईचा चाळीस किलोचा कट्टा

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या बंजारा तांड्यावरची नानीबाई राठोड एकसष्टाव्या वर्षी जीपमध्ये चढताना अडकली. एक पाय पायरीवर, दुसरा रस्त्यावर, आणि मांडी लटलट कापत होती. मागून दोघींनी ढकललं तेव्हा ती आत गेली. सेनगाव येईपर्यंत मांडी चोळत राहिली.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो पाहिले. "हाडं ठीक आहेत मावशी. वयच झालं. आराम करा, वजन उचलू नका, रोज अर्धा तास चाला."

चार महिने ती नेमानं चालली. पाय होते तसेच.

एका सकाळी ती सुनेला म्हणाली, "पुजे, मी जलमभर डोक्यावर मोळ्या घेऊन चालले. पायाला चालणं काय नवं हाय? मंग चालायलाच काहून सांगतेत?"

पुजा कॉलेजात कबड्डी खेळलेली. आता पोलीस भरतीला बसणाऱ्या पोरींची तयारी करून घ्यायची. सासूला ती याडी, म्हणजे आई म्हणे. सासूचा प्रश्न ऐकून तिचे डोळे चमकले.

"बराबर बोलल्या याडी! रोज जमतं तेवढंच केलं तर मांडी वाढंल काहून? तिला जड काम द्या, पोटभर खाऊ घाला, मंग दोन दिस आराम. ती सोताहून ताकद धरती."

दुसऱ्याच दिवशी तेलाच्या रिकाम्या डब्यात पाच किलो वाळू भरली. डबा छातीशी धरायचा, ओट्यावर बसायचं, उठायचं. आठ वेळा. "आठवं उठणं जड गेलं पायजे," पुजा म्हणाली. "पण सांधा टोचला की लगेच थांबायचं."

आठव्यांदा उठताना नानीबाईच्या तोंडून अशी आरोळी निघाली की शेजारची कुत्री भुंकायला लागली. दुसऱ्या दिवशी मांड्या एवढ्या भरून आल्या की तिचा नवरा सेवा भडकलाच. "डॉक्टरनं नको म्हणलं तेच करून राहिली! मोडून घेती का पाय?"

"मोडून न्हाई," ती कण्हत हसली, "जागे होऊन राहिले."

आठवड्यातून दोनदाच व्यायाम, बाकी दिवस घरची कामं. ताटात डाळ आणि शेंगदाणे वाढले. दर पंधरा दिवसांनी डब्यात आणखी वाळू पडायची. तिसऱ्या महिन्यात ती दांड्याला हात न लावता जीपमध्ये चढली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "बघतो काय? चल!"

आठव्या महिन्यात खळ्यावर सोयाबीनचे कट्टे भरले जात होते. चाळीस किलोचा एक कट्टा तिनं वाकून, पाठ ताठ ठेवून, छातीशी घेतला आणि थेट ट्रॅक्टरपर्यंत नेला. सगळं खळं थांबलं. सेवाच्या हातातला चहा तसाच राहिला. नानीबाई धापा टाकत ओरडली, "अजून एक आणा!"

मग ती मुद्दाम डॉक्टरांकडे गेली. त्यांनी हात न टेकता खुर्चीतून उठायला-बसायला सांगितलं आणि घड्याळ धरलं. अर्ध्या मिनिटात सतरा वेळा!

डॉक्टरांनी घड्याळ खाली ठेवलं. "मावशी, वजन उचलूच नका म्हणालो, ते चुकलं माझं. बेताबेतानं वाढवत उचला, असं सांगायला हवं होतं."

"मंग येणाऱ्या बायांना तसं सांगा."

आता सोमवारी आणि गुरुवारी तिच्या ओट्यापुढं सात बाया असतात, आपापला डबा घेऊन. त्यातली चांगुणा सहाव्या वेळीच बसून राहिली, तर नानीबाई कमरेवर हात ठेवून म्हणते, "दमली? तोंड तर अजून हसून राहिलं तुहं. दोन काढ अजून!"