मैनेचा मान पहिला

मैना गेल्याची बातमी मला अमरावतीच्या भाजीबाजारात कळली. अकोल्याहून सरकीच्या गाड्या घेऊन आलेला आमच्या माहेरगावचा गाडीवान माझ्यासमोर उभा राहिला, डोक्याचं मुंडासं काढलं अन् म्हणाला, "कौतिकबाई, तुमची मैना गेली वं. ताप आल्ता, उतरलाच नाई. हिरव्या चुड्यात गेली, सोनं झालं तिचं." वांग्यांची टोपली माझ्या हातात तशीच राहिली. आता खरं सांगते, वाचणाऱ्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं... मला रडू यायच्या आधी हेवा आला. ही बया मरतानासुद्धा माझ्यापुढं गेली! कपाळभर कुंकू, भरली ओटी, नवऱ्याच्या खांद्यावरून गेली. अन् मी पांढऱ्या कपाळानं वांगी विकत उभी. रडू नंतर आलं, घरी गेल्यावर, अन् आलं ते मग आवरेना.

आम्ही दोघी दर्यापूरकडच्या एकाच गावच्या, एकाच गल्लीतल्या. लग्नंही एकाच वर्षी झाली. मला अमरावतीत मळेकऱ्याकडे दिलं, तिला अकोल्यात कापसाच्या अडतीवर लिहिण्याचं काम करणाऱ्याकडे. दोघांची घरं आमच्यातलीच, नात्यातून आलेली, पण नशिबं वेगळी. माझा मालक भला माणूस होता, राबणारा, कधी हात न उगारणारा. पण पुस्तक दिसलं तर पान फाडून त्यात मिरच्या बांधून देईल असा. तिचा मालक मुंबईहून येणाऱ्या दलालांकडून पुस्तकं मागवायचा, स्वतः वाचायचा, अन् लोक हसत असताना त्यानं बायकोलाही वाचायला शिकवलं. त्याच सुमारास कापसाला भाव चढला. सात समुद्रापलीकडे कुठं लढाई लागली होती म्हणे, अन् इकडे आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याची किंमत आली. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. मैनेच्या गळ्यात पुतळ्यांची माळ आली. तिचाही मला हेवा वाटला, नाही असं नाही, पण तो पचला. कारण सगळ्यांनी मळे मोडून कापूस पेरला, भाजी महागली अन् माझ्याही हातात पाटल्या आल्या. पोर तिलाही नव्हतं, मलाही नव्हतं, त्या एका गोष्टीत देवानं बरोबरी ठेवली होती. जिवाला लागली ती पुस्तकं.

दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, आम्ही माहेरी जमायचो. वैशाखाचं ऊन, अंगणात धोतराच्या कापडावर कुरडया घालायचं काम, अन् दोघींचं तोंड सकाळपासून सुरू. आधी हालहवाल व्हायची. कोणाची सासू कशी, कोणाच्या पोटात किती महिन्यांचं, कोणी नवी गाडी केली, कोण पटकीनं गेलं. ते संपलं की मैना पदर खोचून म्हणायची, "बरं, आता मी काय वाचलं थे आयक." अन् मग ती सांगायची. सावकाराची सून पुरुषाच्या वेषात दरबारात जाऊन सासऱ्याची फिर्याद मांडते, ती गोष्ट. ग्रहणात चंद्राला कोणी गिळत नाही, नुसती सावली पडते, ते सांगणारं पुस्तक. एकदा तर स्वयंपाकाचं पुस्तक. मी म्हटलं, "भाकरी थापाले बी आता छापेल पुस्तक लागते काय वं तुले?" तर म्हणाली, "भाकरीचं नाई त्यात. दुसऱ्याच्या घरी काय शिजते थे समजते." सांगायची मात्र अशी की हातातला साचा थांबायचा, चीक निवून घट्ट व्हायचा अन् माझी आई आतून ओरडायची. मी कान देऊन ऐकायची, अन् मनातून जळायची. ही घरी जाऊन आणखी वाचणार, अन् मी बसणार वर्षभर तेच तेच आठवत.

मलाही शिकव, असं मी तेव्हा का म्हटलं नाही? तर आईनं लहानपणापासून घोकून घेतलं होतं, बाईनं अक्षराला हात लावला की तिचा नवरा मरतो. गावात सगळ्यांचं तसंच मत. मैनेची सासू तर छापील पुस्तकाला दुप्पट भ्यायची. शाईत चरबी असते म्हणून पुस्तक घरात घेऊ द्यायची नाही, मैनेची सगळी पुस्तकं कापसाच्या कोठीत, गोणपाटाखाली. बायका मैनेकडे बघून म्हणायच्या, बघा हं, आज ना उद्या होणार. मीही तिच्या नवऱ्याच्या जिवाची काळजी वाहायची. अन् माझ्या नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून अक्षरापासून चार हात लांब राहायची. इतकं सांभाळलं, वाचणाऱ्यांनो. गुळाची पुडी सोडतानासुद्धा कागदावरच्या अक्षरांवर बोट पडू नये म्हणून मी कडेनं धरायची. कापसाचे भाव पडले त्या पावसाळ्यात पटकीची साथ आली अन् माझाच मालक सकाळी मळ्यात गेलेला, दिवे लागायच्या आत गेला. पुस्तकं वाचणारीचा नवरा अकोल्यात ठणठणीत!

त्यानंतरच्या आखाजीला मी कोणाशी बोलत नव्हते. मैना येऊन शेजारी बसली. रीतीप्रमाणं गळ्यात पडून रडली नाही. साच्यात चीक भरला अन् कुरडईचं वेटोळं घालायचं सोडून कापडावर एक वेगळीच आकृती काढली. "हा क," म्हणाली. मी हात मागं घेतला. तर म्हणते, "आता काहून भेतं वं? आता कोन मरून राहिलं तुयं?" असा राग आला... तिच्या थोबाडात द्यावी वाटलं. असं बोलतात का कोणी, विधवेला, वर्षसुद्धा झालेलं नसताना? दुसरी कोणी असती तर मी उठून गेले असते. पण ते खरं होतं, अन् माझ्याशी खरं बोलायची हिंमत साऱ्या गावात तिच्याशिवाय कोणाची नव्हती. मी तिच्या हातातून साचा ओढून घेतला. माझा क वाकडा आला. दुपारपर्यंत अंगणात सगळी बाराखडी वाळत पडली होती अन् आई कपाळ बडवून घेत होती. संध्याकाळी आम्ही ती तळून खाल्ली. बोलते मी आमची वऱ्हाडीच, पण अक्षरं मैनेच्या पुस्तकांतून शिकले, म्हणून लिहिताना हात असा पुस्तकी चालतो.

पुढं ती दर आखाजीला माझ्यासाठी एखादं पुस्तक आणायची. उपकारच केले, पण माझा स्वभाव बघा. पुस्तक हातात आलं की मला आधी दिसायचे तिच्या हळदीच्या बोटांचे डाग. सगळं तिचं वाचून झालेलं. मी अडखळत, बोट ठेवून, महिन्याभरात एका सुनेची गोष्ट पुरी करायची, अन् तोवर ती आणखी कुठल्या कुठं गेलेली असायची. कोरं पुस्तक, जे आधी मैनेनं वाचलेलं नाही, असं माझ्या नशिबात आलंच नाही. शेवटच्या भेटीत तिनं विचारलं, "तुले सगळ्यात कोनतं आवडलं?" मी तोंड फिरवून म्हटलं, "एक बी नाई." ती पोट धरून हसली. "खोटारडी! पानं पातळ पडले पुस्तकाचे तुया हातानं, अन् म्हनते एक बी नाई!" गाडीत बसेपर्यंत हसत होती. तीच शेवटची.

तिचं दिवसकार्य झालं, थोडे दिवस गेले, अन् माझा भाऊ अमरावतीला आला. आमच्यात विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं. मैनेच्या सासूनंच निरोप धाडला होता, की घर उघडं पडलं, कौतिक आमच्या मैनेची मैत्रीण, माहितीची, तिलाच करून घेऊ. मी भावाला म्हटलं, लोक म्हणतील मैत्रिणीची चिता थंड झाली नाही तर ही तिच्या पाटावर जाऊन बसली. भाऊ म्हणाला, "लोकाईले काय काम हाये दुसरं?" मग तिचे मालक स्वतः येऊन ओसरीवर बसले. म्हणाले, "कोठीत पुस्तकं पडून हायेत. वाचनारं कोनी नाई घरात." मला लाज वाटली, खूप वाटली. पण लाजेच्या खालून आनंदही वर येत होता, तो का लपवू? जन्मभर ज्याच्यासाठी जळले ते घर, ती कोठी, पुस्तक आणून देणारा नवरा, सगळं माझ्या दारात येऊन उभं होतं. मी हो म्हटलं. पूर्वी त्यांचं नाव मी खुशाल घ्यायची, आता घेता येत नाही. बडनेऱ्याहून आगगाडीत बसले अन् अकोल्याला आले.

वाटलं होतं, आता तरी हेवा संपेल. कशाचा संपतो! सासूबाई डाळीला फोडणी देतानासुद्धा म्हणणार, "मैना हिंग पयले टाके." हे जेवता जेवता मध्येच घास हातात धरून दाराकडे बघणार, अन् ते कोणासाठी ते मला कळणार. जिवंत सवतीशी भांडता येतं, हिच्याशी काय भांडू? अन् भांडायला गेलं तर मलाच तिची आठवण येते. वर आमच्याकडची रीत. पहिली बायको गेलेल्या घरात दुसरी आली की तिच्या गळ्यात सवतीचा टाक बांधतात. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईचं चित्र ठोकलेलं. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. गोडधोड केलं की आधी टाकाला दाखवायचं, मग आपल्या तोंडात. म्हणजे मेल्यावरही पहिला मान तिचा, मी मागूनच. सोनारानं चित्र काही मैनेसारखं काढलेलं नाही, नाक तर अगदीच बसकं. एवढंच समाधान.

मागच्या आठवड्यात हे अडतीवरून आले ते कागदात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन. मुंबईहून आलेलं, पानं अजून एकमेकांना चिकटलेली, शाईचा वास येत होता. माझ्या हातात दिलं अन् म्हणाले, "हे तुयासाठी." डाग नाही, घडी नाही, कोणाचं बोट लागलेलं नाही. मैनेनं न वाचलेलं पुस्तक! मी तशीच कोठीकडे निघाले, तर सासूबाई माजघरातून म्हणाल्या, "नवी चीज हाये. पयले तिले दे." ज्या बाईनं जन्मभर छापील कागदाचा विटाळ मानला, तिनं हे म्हणावं! मी पुस्तक टाकाला टेकवलं अन् चालू लागले. तर म्हणतात, "असं नाई. लुगडं लावलं की झालं, पेढा दाखवला की झालं. पुस्तक काय नुसतं लावून समजते काय तिले? वाच."

मग काय करता! कोठीत कापसाच्या ढिगाला टेकून बसले अन् मोठ्यानं वाचायला लागले. गळ्यातला टाक आवाजाबरोबर हलत होता. वाचता वाचता मनात आलं, हेही तिचंच झालं की. मी जे वाचणार ते ती आधी ऐकणार. तेव्हा मी काय केलं, एक पान मनातल्या मनात वाचलं. ओठ घट्ट मिटून, टाक मुठीत धरून. एवढं एक पान माझं एकटीचं. पुढचं पान उलटलं अन् पुन्हा मोठ्यानं सुरू केलं, पण जीव काही लागेना. त्या मधल्या पानात गोष्टीतल्या म्हातारीनं जावयाला असं काही सुनावलं होतं की मला एकटीलाच हसू फुटत होतं. दोन ओळी वाचल्या, थांबले. मूठ उघडली, पान मागं उलटलं, अन् ते पहिल्यापासून मोठ्यानं वाचलं. इतकं चांगलं पान, एकटीनं वाचून ठेवून सांगणार कोणाला होते मी?